‘संपत्ती’ शब्दाचा अर्थसंकोच : भारतीय संपत्तिकर कायद्याचे भाषिक परीक्षण

१

अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर कर बसवावा की नाही, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ह्या वादातील दोन्ही पक्ष ज्या एका शब्दाच्या आधाराने बोलतात, त्या ‘संपत्ती’ शब्दाचा अर्थ दोघांच्या मनात एकच असतो असे गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय. भारतात निव्वळ संपत्तीवरील वार्षिक कर १९५७ च्या कायद्याने सुरू झाला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पाने तो रद्द झाला. सुमारे अठ्ठावन्न वर्षांच्या ह्या अनुभवाचा निष्कर्ष सामान्यतः एका वाक्यात सांगितला जातो : आपण संपत्तिकर लावून पाहिला आणि तो अयशस्वी ठरला. ह्या वाक्यातील ‘तो’ हे सर्वनाम नेमके कोणाकडे निर्देश करते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे. १९५७ साली ज्यावर कर बसला ती ‘संपत्ती’ आणि २०१५ साली जिच्यावरील कर उठला ती ‘संपत्ती’, ह्या दोन वस्तू आहेत. मधल्या काळात शब्द तोच राहिला आणि अर्थ संकोच पावत गेला, असे मला दाखवावयाचे आहे. अर्थसंकोच हा भाषेच्या इतिहासात नित्य आढळणारा व्यापार आहे. ‘मृग’ म्हणजे कोणताही पशू, हा अर्थ जाऊन ‘हरिण’ हा अर्थ राहिला, तेव्हा कोणाचे काही बिघडले नाही. कायद्यातील शब्दाचा अर्थसंकोच मात्र इतका निरुपद्रवी नसतो.

२

प्रथम मराठीतील शब्दांचा विचार करू. धन, वित्त, द्रव्य, दौलत, ऐवज, जिंदगी, मत्ता, इस्टेट असे अनेक शब्द आपल्याजवळ आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. ‘ऐवज’ हा हाती धरता येण्याजोगा असतो. ‘जिंदगी’ हा शब्द जुन्या कागदपत्रांत माणसाच्या साऱ्या मिळकतीला लावीत. ‘मत्ता’ हा शब्द आज हिशेबाच्या परिभाषेत ‘दायित्वे’ ह्या शब्दाच्या जोडीने येतो. ‘मालमत्ता’ ह्या सामासिक शब्दातील दोन्ही पदे अरबीतून फारसीच्या मार्गाने आली. मुळात त्याचा अर्थ सर्व प्रकारची चीजवस्तू असा व्यापक होता. आजच्या वृत्तपत्रीय मराठीत मात्र ‘मालमत्ता’ म्हणजे घर, गाळा किंवा भूखंड असे समीकरण झालेले आहे. नगरपालिका आणि महानगरपालिका घरांवर जो कर घेतात त्यालाही आपण ‘मालमत्ता कर’ म्हणतो.

ह्या शब्दसाम्याचा परिणाम लहान नाही. ‘श्रीमंतांच्या मालमत्तेवर कर’ असे शब्द कानी पडताच दोन खोल्यांचा मालक आपल्या दोन खोल्यांविषयी साशंक होतो. वस्तुतः ह्या दोन करांच्या स्वरूपात मूलभूत भेद आहे. संपत्तिकर ‘निव्वळ’ संपत्तीवर असतो. म्हणजे मालकीच्या वस्तूंच्या मूल्यातून देणे असलेले कर्ज वजा करून जे उरते त्यावर तो आकारला जातो. नगरपालिकेचा कर ही वजाबाकी ओळखत नाही. घराच्या किमतीचा पाऊण हिस्सा बँकेचे कर्ज असलेल्या गृहस्थालाही तो घराच्या पूर्ण मूल्याच्या हिशेबाने भरावा लागतो. मुंबईत २०१० पासून हा कर भांडवली मूल्यावर आकारण्यात येऊ लागला आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये त्यातून सूट मिळाली, ही गोष्ट खरी. पण तत्त्व बदलले नाही. येणेप्रमाणे आजची स्थिती अशी आहे की, मध्यम स्थितीतील माणसाजवळ जी एकच मोठी वस्तू असते तिच्यावर दरवर्षी कर आहे आणि अतिश्रीमंताजवळ जी मुख्य वस्तू असते, म्हणजे कंपन्यांचे भाग, त्यांच्या मालकीवर असा वार्षिक कर नाही. ‘मालमत्ता’ ह्या एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली ही विषमता झाकली जाते.

३

आता कायद्याकडे वळू. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर ह्यांनी १९५६ साली भारतीय करपद्धतीच्या सुधारणेविषयी अहवाल सादर केला. केवळ प्राप्तीवरून माणसाची कर देण्याची ऐपत ठरविता येत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. त्यासाठी त्यांनी दिलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. एक भिकारी आहे; त्याला प्राप्ती नाही आणि संपत्तीही नाही. दुसरा मनुष्य आपली सारी संपत्ती सोने आणि जडजवाहीर ह्या रूपात ठेवतो. त्यालाही प्राप्ती नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने दोघे समान ठरतात. काल्डॉर ह्यांनी संपत्तीवरील वार्षिक कर, भांडवली नफ्यावरील कर, देणगी कर आणि व्यय कर अशी परस्परपूरक योजना सुचविली होती, आणि तिच्या बरोबरीने प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा असे म्हटले होते. संपत्तिकराचा त्यांनी सुचविलेला कमाल दर दीड टक्का होता.

अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी ह्यांनी १९५७ साली संपत्तिकराचा कायदा आणला. व्यक्तीच्या बाबतीत २ लाख रुपयांपर्यंतची निव्वळ संपत्ती करमुक्त होती आणि त्यापुढे अर्ध्या टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंत चढते दर होते. ह्या कायद्यातील ‘मत्ता’ शब्दाच्या व्याख्येची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. सर्व प्रकारची स्थावर आणि जंगम मालमत्ता म्हणजे मत्ता, असे आधी व्यापक विधान केले होते आणि नंतर शेतजमिनीसारखे अपवाद सांगितले होते. संस्थानिकांचे अधिकृत निवासस्थान, त्यांचे वंशपरंपरागत म्हणून मान्य झालेले जडजवाहीर, विक्रीसाठी नसलेल्या कलावस्तू अशा कितीतरी सवलती पुढील कलमांत होत्या. त्यांची यादी लांब होती आणि तिच्यावर टीकाही झाली. पण रचना मात्र वैयाकरणांच्या परिचयाची होती : आधी उत्सर्ग, मग अपवाद. उत्सर्गाचा विशेष असा की, जे अपवादात सापडत नाही ते सर्व आपोआप नियमात येते. उद्या एखादा नवा, आज कोणाला न सुचलेला संपत्तीचा प्रकार निर्माण झाला, तरी त्यासाठी कायद्यात नवे शब्द घालण्याची आवश्यकता नव्हती.

४

ह्या उत्सर्गाच्या सीमा निश्चित करण्याचे काम न्यायालयांकडे आले. तेथे झालेली शब्दचर्चा अर्थविचाराच्या कोणाही विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. त्यातील चारच उदाहरणे घेतो.

पहिला प्रश्न ‘व्यक्ती’ ह्या शब्दाचा. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ८६ व्या नोंदीत व्यक्ती आणि कंपन्या ह्यांच्या मत्तेवरील करांचा उल्लेख आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाचा नामनिर्देश तेथे नाही. मग कुटुंबावर हा कर बसविता येईल काय? बनारसी दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘व्यक्ती’ ह्या पदात व्यक्तींचा समूहही येतो, असा व्यापक अर्थ स्वीकारला. कर टिकला. तथापि कुटुंब हा व्यक्तीहून वेगळा करदाता म्हणून कायद्यात राहिल्यामुळे एकाच घरातील संपत्ती दोन नावांखाली विभागण्यास वावही राहिला.

दुसरा प्रश्न त्याच नोंदीतील ‘शेतजमीन वगळून’ ह्या पदसमूहाचा. १९६९ च्या वित्त अधिनियमाने शेतजमीन संपत्तिकराच्या कक्षेत आणली आणि प्रकरण सात न्यायाधीशांच्या पीठापुढे गेले. ढिल्लन खटल्याचा हा निर्णय १९७१ साली चार विरुद्ध तीन अशा मतांनी झाला. मीमांसकांच्या भाषेत बोलावयाचे तर वाद असा होता की, ‘वगळून’ हा शब्द पर्युदास आहे की प्रतिषेध? पर्युदास मानला तर ‘ह्या नोंदीच्या कक्षेत शेतजमीन येत नाही’ एवढाच अर्थ निघतो, आणि दुसऱ्या अधिकाराखाली संसदेला कर बसविता येतो. प्रतिषेध मानला तर ‘संसदेने शेतजमिनीला हात लावू नये’ असा अर्थ होतो. बहुमताने पहिला अर्थ मान्य केला. पुढे १९८० नंतर संसदेने स्वतःच शेतजमिनीला पुन्हा कराबाहेर काढले, हा भाग वेगळा.

तिसरा प्रश्न ‘शेतजमीन’ ह्या शब्दाचाच. हैदराबादच्या बेगमपेठ राजवाड्याभोवतीच्या, कुंपणभिंतींच्या आतील सुमारे १०८ एकर मोकळ्या जमिनीला शेतजमीन म्हणावे काय? तीत पीक येऊ शकते, म्हणजे योग्यता आहे. पण तीत कोणी पीक घेत नाही, म्हणजे विनियोग नाही. उच्च न्यायालयाने योग्यता पुरेशी मानली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ते मत अमान्य केले आणि शेतीशी प्रत्यक्ष संबंध दाखविला पाहिजे असे म्हटले. योग्यता पुरेशी धरली असती तर शहरातील कोणत्याही प्रशस्त बंगल्याचे आवार शेत ठरले असते. न्यायशास्त्र ज्याला अतिव्याप्ती म्हणते तो हा दोष.

चौथे उदाहरण दागिन्यांचे. घरगुती आणि वैयक्तिक वापरासाठी असलेल्या वस्तूंना मूळ कायद्यात सूट होती. भांडीकुंडी, कपडालत्ता आणि लाकडी सामान ह्यांच्या पंक्तीला स्त्रीच्या अंगावरील दागिने बसतात काय? ‘वैयक्तिक वापर’ ह्या शब्दांचा सरळ अर्थ घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ‘बसतात’ असे उत्तर दिले. संसदेने लगेच १९७१ साली ‘दागिने सोडून’ असा अर्थ देणारी दुरुस्ती केली, आणि ती १९६३ पासून लागू धरली. काल्डॉर ह्यांनी ज्या वस्तूचा दृष्टान्त देऊन हा कर सुचविला, तीच वस्तू करातून निसटली होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

ह्या चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. शब्दाचा अर्थ ताणला गेला, आखडला गेला, पण त्याविषयीचा वाद उघडपणे, न्यायालयात किंवा संसदेत, त्या शब्दाचे नाव घेऊन झाला.

५

ह्या कायद्याची एक अडचण मात्र अधिक खोल आहे आणि ती व्याकरणाच्या परिभाषेत चांगली सांगता येते. प्राप्तिकराचे मूळ वाक्य निश्चयार्थी आहे : ‘अमुक रक्कम मिळाली.’ संपत्तिकराचे मूळ वाक्य संकेतार्थी आहे : ‘ही वस्तू अमुक दिवशी खुल्या बाजारात विकली असती, तर तिची अमुक किंमत आली असती.’ वस्तू विकलेली नाही. बाजार कल्पित आहे. गिऱ्हाईकही कल्पित आहे. संकेतार्थी वाक्याची सत्यता घडलेल्या गोष्टीवरून पडताळता येत नाही, म्हणून दोन प्रामाणिक माणसांचेही तेथे मतभेद होतात आणि अप्रामाणिक माणसाला तेथे आश्रय मिळतो.

ही अनिश्चितता टाळण्यासाठी मूल्यनिर्धारणाचे ठरीव नियम करण्यात आले. १९८९ पासून ते कायद्याच्या परिशिष्टातच आले. घराचे मूल्य त्याच्या भाड्याला ठरावीक संख्येने गुणून काढावे, अशी त्यांतील पद्धत होती. तेव्हा मुंबईत भाडेनियंत्रणाच्या १९४७ च्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलेली होती. अशा इमारतीचे भाड्यावरून काढलेले मूल्य आणि तिच्या खालच्या जमिनीची बाजारातील किंमत ह्यांचा एकमेकांशी संबंध राहू शकत नाही. संकेतार्थातील अनिश्चितता गेली, पण तिच्या जागी निश्चित असत्य आले. जर्मनीतही हीच अडचण निर्णायक ठरली. स्थावर मालमत्ता आणि इतर संपत्ती ह्यांच्या मूल्यांकनात समानता नाही, म्हणून तेथील संविधान न्यायालयाने १९९५ साली आक्षेप घेतला आणि १९९७ पासून तो कर आकारला गेला नाही. संपत्तिकराच्या विरोधकांचा हा आक्षेप वजनदार आहे आणि पुरस्कर्त्यांनी त्याला उत्तर दिलेच पाहिजे. एवढे मात्र म्हणता येईल की, शेअरबाजारात नोंदलेल्या भागांच्या बाबतीत ही अडचण सर्वांत कमी असते. त्यांची किंमत कामकाजाच्या प्रत्येक दिवशी छापून येते. ज्या वस्तूचे मूल्य ठरविणे सर्वांत सोपे, तीच वस्तू पुढे करातून वगळण्यात आली.

६

हे कसे घडले ते आता पाहू. राजा चेलय्या ह्यांच्या अध्यक्षतेखालील कर सुधारणा समितीने संपत्तिकर अनुत्पादक मत्तेपुरता मर्यादित करावा असे सुचविले आणि १ एप्रिल १९९३ पासून कायद्यातील व्याख्या बदलली. नव्या व्याख्येत व्यापक विधान राहिले नाही. त्याऐवजी यादी आली : राहती घरे व अतिथिगृहे, मोटारगाड्या, दागिने व सोन्याचांदीच्या वस्तू, नौका व विमाने, नागरी जमीन आणि ५०,००० रुपयांहून अधिक हातातील रोकड. कंपन्यांचे भाग, ऋणपत्रे आणि बँकेतील ठेवी यादीत नव्हत्या, म्हणून त्या ‘मत्ता’ राहिल्या नाहीत. दर १ टक्का आणि करमुक्त मर्यादा १५ लाख रुपये ठरली. पुढे २००९ साली ती ३० लाख झाली.

मीमांसेत ज्याला परिसंख्या म्हणतात त्याचे हे शुद्ध उदाहरण होय. पाच नखांच्या प्राण्यांपैकी अमुक पाच भक्ष्य, असे सांगितले की त्याचा खरा अर्थ ‘बाकीचे अभक्ष्य’ असा होतो. यादी वाचणाऱ्याचे लक्ष यादीतील वस्तूंवर असते. तिचे कार्य मात्र यादीबाहेरच्या वस्तूंवर घडते. उत्सर्गात नवी वस्तू आपोआप आत येते, परिसंख्येत ती आपोआप बाहेर राहते. न्यायशास्त्राच्या कसोटीने पाहता ही व्याख्या अव्याप्त आहे. ‘कपिल वर्णाची ती गाय’ असे लक्षण केले तर पांढरी गाय गाय राहत नाही. तसेच येथे ज्या संपत्तीमुळे अतिश्रीमंत मनुष्य अतिश्रीमंत होतो तीच संपत्ती ‘संपत्ती’ राहिली नाही. काल्डॉर ह्यांच्या विवेचनात सोने आणि जवाहीर हा दृष्टान्त होता. १९९३ च्या कायद्यात तो जवळजवळ लक्षणाच्या जागी जाऊन बसला.

उत्पादक गुंतवणुकीला उत्तेजन मिळावे, हा ह्या बदलामागील हेतू स्पष्टपणे सांगितलेला होता आणि तो अप्रामाणिक म्हणता येणार नाही. माझा आक्षेप हेतूवर नाही, नावावर आहे. चैनीच्या आणि पडून राहिलेल्या वस्तूंवरील कराला तसे नाव द्यावयास हवे होते. फ्रान्सने २०१८ साली असाच संकोच केला : संपत्तीवरील जुना कर काढून केवळ स्थावर संपत्तीवर कर ठेवला. पण तेथे करनावात ‘स्थावर’ हे विशेषण घालण्यात आले. आपल्याकडे विशेषण लागले नाही, म्हणून जुने नाव नव्या वस्तूला चिकटून राहिले.

७

२०१५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री अरुण जेटली ह्यांनी कराच्या समाप्तीची घोषणा केली. २०१३-१४ साली देशभरातून ह्या कराचे उत्पन्न अवघे १,००८ कोटी रुपये झाले होते आणि ते गोळा करण्याचा खर्च मोठा होता, हे कारण त्यांनी दिले. त्याच्या जागी १ कोटी रुपयांहून अधिक करपात्र प्राप्ती असणाऱ्या अतिश्रीमंतांवर २ टक्के जादा अधिभार आला आणि त्यातून सुमारे ९,००० कोटी रुपये मिळतील अशी अपेक्षा व्यक्त झाली. महसुलाच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा दिसतो. अर्थाच्या दृष्टीने मात्र त्यात दोन पदार्थांची अदलाबदल झाली. ‘अतिश्रीमंत’ हा शब्द संपत्तीच्या क्षेत्रातला; त्याची व्याख्या केली गेली प्राप्तीने. ज्याच्या कंपनीच्या भागांचे मूल्य एका वर्षात शेकडो कोटींनी वाढले, पण ज्याने ते विकले नाहीत आणि लाभांशही अल्प घेतला, तो ह्या व्याख्येने अतिश्रीमंत ठरेलच असे नाही. काल्डॉर ह्यांच्या भिकाऱ्याचा शेजारी पुन्हा त्याच्याच ओळीत येऊन उभा राहिला. मराठीत ‘गर्भश्रीमंत’ असा एक मार्मिक शब्द आहे. जन्माने मिळालेली संपत्ती ही कमावलेल्या संपत्तीहून निराळी गोष्ट आहे, एवढे ज्ञान भाषेने त्यात साठवून ठेवले आहे. मृत्युकर १९८५ साली, देणगी करविषयक कायदा १९९८ साली आणि संपत्तिकर २०१५ साली गेल्यावर आपल्या करपद्धतीजवळ हा भेद ओळखण्याचे प्रमुख साधन उरलेले नाही.

आता आरंभीच्या वाक्याकडे येऊ. ‘संपत्तिकर अयशस्वी ठरला’ ह्या विधानात नैयायिकांनी सांगितलेला वाक्छल आहे. ‘नवकंबल’ म्हणजे नवी कांबळ, असे बोलणारा म्हणतो; ऐकणारा नऊ कांबळी मोजू लागतो. १,००८ कोटींचा आकडा घरे, गाड्या, दागिने आणि मोकळे भूखंड ह्यांच्या यादीचा आहे. निष्कर्ष काढला जातो तो सर्व संपत्तीविषयी.

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. १९९३ पूर्वी व्याख्या व्यापक होती, तेव्हा तरी ह्या कराने मोठे काय साधले? साधले थोडेच, हे मान्य केले पाहिजे. पण त्या काळाचे परीक्षणही काळजीपूर्वक व्हावयास हवे. काल्डॉर ह्यांच्या योजनेतील मुख्य अट, म्हणजे प्राप्तिकराचा दर खाली आणणे, पाळली गेली नाही. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के आणि संपत्तिकराचा कमाल दर ८ टक्के अशी स्थिती आली. दोन्ही मिळून वर्षाच्या प्राप्तीहून अधिक कर होऊ लागला, तर करदाता प्रामाणिक विवरण भरील ही अपेक्षा व्यर्थ होती. व्यय कर १९६२ साली गेला, १९६४ साली परतला आणि १९६६ साली पुन्हा गेला. तात्पर्य, काल्डॉर ह्यांचा संपत्तिकर त्यांनी मांडलेल्या स्वरूपात आपण कधी लावून पाहिलाच नाही. त्यावरून तो लावावाच असे सिद्ध होत नाही. ‘लावून पाहिला’ हे विधान मात्र टिकत नाही.

८

हा सारा शब्दविचार आज करण्याचे कारण असे की, प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. गाब्रिएल झुकमन ह्यांनी २०२४ साली ब्राझीलच्या विनंतीवरून जी-२० राष्ट्रांसाठी एक प्रस्ताव तयार केला. १०० कोटी डॉलरहून अधिक संपत्ती असलेल्या, जगातील सुमारे ३,००० व्यक्तींनी दरवर्षी आपल्या संपत्तीच्या किमान २ टक्के इतका कर भरावा. प्राप्तिकर त्याहून कमी भरला असेल तर फरक द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातून वर्षाला २०,००० ते २५,००० कोटी डॉलर मिळतील असा त्यांचा अंदाज आहे. फ्रान्सच्या लोकसभेने २०२५ साली तशा प्रकारची सूचना फेटाळली. भारताविषयी त्याच २०२४ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात २०२२-२३ साली देशाच्या संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा वरच्या १ टक्का लोकांकडे होता असा निष्कर्ष आहे. त्यांच्या पद्धतीविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु ह्या निष्कर्षातील ‘संपत्ती’ शब्दात भाग आणि ठेवी ह्यांचा समावेश आहे, आणि आपल्या रद्द झालेल्या कायद्यातील ‘संपत्ती’ शब्दात तो नव्हता, एवढे तरी वाद घालणाऱ्यांनी विसरू नये.

असा कर असावा की नसावा, ह्याचा निर्णय भाषाशास्त्राने देणे अनधिकाराचे होईल. त्याने एवढेच म्हणावे की, उद्या हा शब्द पुन्हा कायद्यात येणार असेल तर त्याची व्याख्या उत्सर्गाने करावी की परिसंख्येने, ह्याची चर्चा दराच्या चर्चेआधी व्हावी. दर बदलला तर तो सर्वांना दिसतो. व्याख्या बदलते तेव्हा ती फारच थोड्यांच्या लक्षात येते, आणि ज्यांचा तिच्याशी खरा संबंध असतो त्यांच्या ती प्रथम लक्षात येते.